पाण्याने घडविलेली मासळी

(मंडळाच्या कल्याण येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचाने मागेच सरलो. कोळ्याच्या घरी जन्म झाला असला तरी आमच्या हातात पाग कमी आणि खडू अधिक राहिला. जन्मभर शाळेत मुलांना शास्त्र शिकविले, एवढेच आमचे भांडवल. परंतु गेल्या संमेलनात पंगतीत बसलो असता आपल्यापैकीच एका तरुणाने आम्हांस एक प्रश्न विचारला आणि तो वर्षभर आमच्या मनातून गेला नाही. तो म्हणाला, "गुरुजी, मासा कोट्यवधी वर्षे बदलतच आला आहे, असे तुम्हीच शिकविता. मग खाडीचे पाणी बदलले तर मासाही बदलेल. एवढा शोक कशाला करावयाचा?" शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ हात धूत म्हणाले, "पोरा, खाडी गेली ती गेली. आता बदलायला उरलंय कोण?"

दोघांपैकी कोणालाही त्या वेळी आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. आजचे हे भाषण म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

प्रथम आपल्या पाण्याचा विचार करू. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावते; कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणास येते; काळू आणि भातसा यांचे पाणी तिला मिळते; दुर्गाडी किल्ल्याखालून ती खाडी होऊन पुढे जाते, आणि ठाण्याजवळ तिचा मुख्य प्रवाह वसईकडे वळतो व एक फाटा ठाण्याच्या खाडीस मिळतो. या वाटेवरील कल्याण बंदराचे नाव कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेले आहे. ग्रीक खलाशांच्या जुन्या मार्गदर्शक ग्रंथातही ते आढळते. १६५७ साली शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर याच खाडीच्या काठी स्वराज्याच्या आरमाराचा पाया घातला गेला. या गोष्टी आपण मुलाबाळांना अभिमानाने सांगतो, आणि त्या सांगाव्यातच. परंतु या पाण्याचा याहून कितीतरी जुना इतिहास मासळीच्या अंगावर लिहिलेला आहे, आणि तो वाचण्याची विद्या आपल्या वाडवडिलांस काही अंशी अवगत होती.

डोंगरातला ओढा, शेतातले तळे आणि खाडीचा चिखल ही तीन पाणी एका नदीची असली तरी त्यांचे स्वभाव तीन प्रकारचे आहेत. त्या प्रत्येकाने आपला मासा आपल्या गरजेप्रमाणे घडविला आहे.

ओढ्यातला मळ्या आपण सर्वांनी पाहिला आहे. पावसाळ्यात डोंगरावरून पाणी कोसळते तेव्हा त्या लोंढ्यात माणसाचा पाय ठरत नाही. हा वीतभरही नसलेला मासा मात्र खडकास चिकटून बसतो. त्यास उलटा करून पाहिल्यास खालच्या ओठामागे एक वाटोळी चकती दिसेल. तिच्या योगाने तो दगड धरतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने या माशास लोकांच्या तोंडचे नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले. आजही जगातील शास्त्रज्ञ त्यास 'गारा मुल्या' म्हणतात. घाटावरच्या मासेमारांच्या बोलीतला एक शब्द अशा रीतीने साऱ्या जगाच्या ग्रंथांत जाऊन बसला. मासळीस नाव देणाऱ्यांचे ज्ञान पंडितांनी मान्य केले याची ही साक्ष आहे, आणि ती आपल्या मुलांस ठाऊक असावी.

तळ्यातल्या मरळीची गोष्ट वेगळी. तळ्यास लोंढा नाही, पण उन्हाळ्यात तेथे पाणी आटते, तापते आणि कुजते. पाणी जितके ऊन तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश उष्णतेच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांस साडेसातच मावतो. कुजणारा पालापाचोळा त्यातलाही खाऊन टाकतो. अशा पाण्यात केवळ कल्ल्यांवर विसंबणारा मासा तगत नाही. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेची एक पोकळी असते. ती वर येऊन तोंडाने हवा घेते आणि त्या पोकळीत तिचा श्वास चालतो. ही सवय तिच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिला पृष्ठभागावर येऊच दिले नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते.

आता खाडीकडे येऊ. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीस भांग. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा पूर खारे पाणी समुद्राकडे रेटतो, आणि उन्हाळ्यात खार पुन्हा वर चढतो. सागराच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात जवळजवळ नाहीत. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात बाहेरचे पाणी सतत शिरत असते, म्हणून तो पाणी पीत नाही आणि पुष्कळ मूत्र टाकतो. समुद्रातील माशाच्या अंगातले पाणी उलट बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खाडीतल्या बोयीस मात्र आज एक व्यवस्था तर उद्या दुसरी चालवावी लागते. जो हे करू शकला तो येथे राहिला. जो करू शकला नाही तो नदीत गेला, समुद्रात गेला किंवा संपला.

परंतु खाडीने घडविलेले सर्वांत मोठे नवल म्हणजे निवटी. ओहोटी लागली की इतर मासे पाण्याबरोबर जातात, आणि ही चिखलावरच राहते. पुढच्या परांच्या आधाराने ती सरपटते, शेपटीच्या झटक्याने उडी मारते, कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतून व घशाच्या अस्तरातून हवा घेते. तिचे डोळे डोक्याच्या माथ्यावर आहेत. चिखलावरील शेवाळाचा बारीक थर ती डोके डावी-उजवीकडे हलवून खरवडते, आणि धोका दिसताच बिळात शिरते. आमचे आजोबा आम्हांस लहानपणी तिवरांच्या कडेला घेऊन जात आणि सांगत, "भोकात हात घालण्याआधी दुसरं तोंड कुठं आहे ते बघ. निवटीला दोन दारं असतात." आमच्या पाठ्यपुस्तकात ते वाक्य नव्हते. आपल्या खाडीत आढळणाऱ्या निवटीच्या एका जातीचे शास्त्रीय वर्णन १८३७ साली पॅरिसमध्ये छापले गेले. द्युसुमिए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने मुंबईहून नेलेल्या नमुन्यांवरून ते झाले, आणि त्याचेच नाव त्या जातीस मिळाले.

कॅनडाच्या उत्तरेस एका बेटावर सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका माशाचे जीवाश्म सापडले आणि २००६ साली ते प्रसिद्ध झाले. त्याच्या परांत मनगटासारखी हाडे होती. चतुष्पाद प्राण्यांच्या, अर्थात आपल्याही, पूर्वजांशी त्याचे जवळचे नाते मानले जाते. निवटी त्याची वंशज नव्हे. ती फार नंतरची, निराळ्या कुळातली. तथापि उथळ पाणी आणि उघडा चिखल लाभला की मासा जमिनीकडे कसा वळतो, हे आज जिवंत पाहावयाचे असल्यास आपल्या खाडीचा काठ पुरेसा आहे.

हे सर्व घडते कसे? मळ्याने 'आपण चकती काढू' असे ठरविले नाही. डार्विनने १८५९ साली जगापुढे मांडले ते असे की, एका माशाच्या हजारो पिलांत थोडाथोडा फरक असतो. कोणाचा ओठ किंचित रुंद, कोणाची कातडी किंचित पातळ. लोंढा येतो आणि निवड करतो. उरलेल्यांची संतती वाढते. पुन्हा लोंढा येतो. अशा असंख्य पावसाळ्यांनी चकती घडते. म्हणजे मासा स्वतःस बदलीत नाही, पाणी निवडीत जाते. या निवडीस दोन गोष्टी लागतात, वेळ आणि निवडण्याजोगी विविधता. आमच्या तरुण मित्राचा प्रश्न याच दोन शब्दांवर येऊन अडतो.

तो तरुण म्हणेल, "वेळ थोडाही पुरतो." यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाच्या ओढ्यांत गप्पी नावाचे चिमुकले मासे असतात. शास्त्रज्ञांनी ते मोठ्या वाढलेल्या गप्पींस खाणाऱ्या भक्षकांच्या डोहातून काढून तसे भक्षक नसलेल्या ओढ्यात सोडले. अकरा वर्षांत, म्हणजे त्यांच्या तीस ते साठ पिढ्यांत, ते उशिरा वयात येऊ लागले आणि आकाराने मोठे झाले. हा बदल आनुवंशिक होता, असे १९९० साली प्रसिद्ध झाले. पाण्यातला शेजारी बदलला आणि वंश बदलला.

पण हाच नियम आपल्या जाळ्यासही लागू आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेत एका लहान रुपेरी माशावर एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २००२ साली छापून आला. काही हौदांतून प्रत्येक पिढीतील मोठे मोठे मासे काढून घेतले, काहींतून लहान लहान. चारच पिढ्यांनंतर, जेथून मोठे काढले तेथील मासे दुसऱ्या हौदांतील माशांच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे भरले. जो वाढतो तो पकडला जातो, म्हणून न वाढणाऱ्याचा वंश टिकतो. नदीच्या लोंढ्याप्रमाणे आपले जाळेही निवड करीत असते.

येथे जिताड्याची आठवण होते. लग्नकार्यात जिताडा आला म्हणजे पंगतीची शोभा वाढते. हा मासा खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिले भरतीबरोबर वर चढून खाजणांत, तळ्यांत, गोड्या पाण्यात वाढतात आणि मोठी झाली की पुन्हा खाली उतरतात. त्याची दुसरी खूण अशी की, तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ताटात येतो तो सर्वांत मोठा जिताडा बहुधा मादीच असतो, आणि बारीक आसाच्या जाळ्यात सापडतो तो नर होण्यापूर्वीचा पोर असतो. दोन्ही बाजूंनी उचलले तर मधला वंश चालवायचा कोणी? शिवाय ज्याचे अर्धे आयुष्य वर आणि अर्धे खाली, त्याच्या वाटेत बंधारा किंवा बुजविलेले खाजण आले की त्याचा संसारच मोडतो.

आता आपल्या पाण्यावर गेल्या शंभर वर्षांत काय गुजरले ते पाहू. १९२२ पासून भिवपुरीच्या वीजगृहातून घाटमाथ्यावरच्या आंद्रा नदीचे पाणी उल्हासेत उतरू लागले. पूर्वेस वाहणारे पाणी पश्चिमेस आले. बारवी आणि भातसा यांवर धरणे झाली. मोहन्यास नदीला आडवा बंधारा पडला, आणि तेथून लाखो लोकांस पिण्याचे पाणी मिळते, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु याच काळात वस्ती वाढली, कारखाने आले. वालधुनीसारखी उपनदी नाल्याच्या स्थितीस गेली. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी उन्हाळ्यात नदीवर हिरवी चादर पसरू लागली. तिवरे तुटली, खाजणांवर भराव पडले. एका पहाटे आम्ही खाडीच्या काठी फिरावयास गेलो असता पांढऱ्या पोटांची मासळी तीरभर लागलेली पाहिली. कोणी काय सोडले होते ते आम्ही जाणत नाही. एक म्हातारी तेथे बसून ती मासळी हाताने उलटीपालटी करीत होती. एकही टोपलीत टाकण्याजोगी नव्हती. ती काही बोलली नाही आणि आम्हीही बोललो नाही.

अशा पाण्यातही मासा टिकतो काय? एके ठिकाणी टिकला आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर कारखान्यांच्या विषांनी भरलेल्या काही खाड्यांत किलीफिश नावाचा छोटा मासा राहतो. सामान्य माशास मारणाऱ्या मात्रेच्या आठ हजार पटींपर्यंत विष तो सोसतो, असे २०१६ साली सिद्ध झाले. आमचा तरुण मित्र टाळी वाजवील. पण त्याने शेवटचे वाक्यही वाचावे. शास्त्रज्ञ सांगतात की, त्या माशाची संख्या प्रचंड आणि त्याच्यातील विविधता असामान्य होती. विष सोसू शकणारे थोडे मासे त्या गर्दीत आधीपासूनच होते, म्हणून तो वाचला. ज्यांची संख्या आधीच घटली आहे, ज्यांची पिढी वर्षांनी मोजावी लागते, त्या जिताड्यासारख्यांस ही वाट मोकळी नाही.

आणि वाचले ते कोण, हेही पाहा. आज कल्याणच्या पाण्यात पाग टाकला तर तो रिकामा येतोच असे नाही. त्यात चिलापी येते. ही मूळची आफ्रिकेची, १९५२ साली आपल्या देशात आणलेली. ती पिले तोंडात धरून वाढविते, कमी प्राणवायूत निभावते, खारे-गोडे दोन्ही सोसते. हवा घेऊन जगणारा आफ्रिकी मांगूरही तसाच. त्याच्या पैदाशीस २००० साली देशात बंदी झाली, तरी तो पुष्कळ ठिकाणी सुटला आहे. म्हणजे पाणी आजही निवड करीतच आहे. पूर्वी ते मळ्या, मरळ, बोय, निवटी, जिताडा अशी निरनिराळी रूपे घडवीत होते. आता सर्व ठिकाणी तेच दोन-चार जीव निवडते, कारण आपण सर्व पाणी एकसारखे करून टाकले आहे.

तेव्हा तरुण मित्रास आमचे उत्तर असे : मासा बदलतो हे खरे, परंतु लोंढ्याने, खाऱ्याने, उन्हाळ्याने त्यास हजारो पिढ्यांचा अवधी दिला होता, आणि आपण त्यास एका माणसाचे आयुष्यही दिलेले नाही. वृद्ध गृहस्थांस आमचे नम्र उत्तर असे : खाडी गेली म्हणू नये. तिवरांच्या मुळांशी ओहोटीत निवटी अजून उड्या मारते. भांडवल घटले आहे, बुडालेले नाही.

ते राखण्यासाठी मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली वलगणीची. मृगाच्या पहिल्या पुरात मासळी अंडी घालण्यासाठी ओढ्यांत आणि भातखाचरांत चढते, तेव्हा गाबोळीच्या लोभाने तिला वाटेतच धरण्याची चाल आहे. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि आपण नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. तोच संयम आपण होऊन ओढ्याच्या तोंडाशी पहिले काही दिवस पाळावा. दुसरी जाळ्याच्या आसाची. राज्य शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पोर मासा विकू नये, विकत घेऊ नये, आणि पंगतीत सर्वांत मोठाच जिताडा हवा हा हट्टही सोडावा. भगिनींनो, बाजारात टोपली आपल्या हाती असते, म्हणून ही विनंती विशेषतः आपणांस आहे.

तिसरी सूचना नोंदवहीची. आपल्या घरांतील वृद्धांस कोणता मासा कोणत्या तिथीस, कोणत्या वळणावर, किती मोठा मिळे हे आठवते. त्यांच्याबरोबर ते ज्ञान जाऊ नये. मंडळाने एक वही घालावी. शाळेतील मुलांनी आजी-आजोबांस विचारून माशांची नावे, स्थळे आणि काळ तीत लिहावा. आणि दर वर्षी आज काय मिळते तेही खाली लिहावे. सांडपाणी आणि तिवरे यांविषयी अधिकाऱ्यांपुढे दाद मागावयास आपण गेलो तर हीच वही आपली साक्ष होईल. साइक्सने मळ्याचे नाव आपल्यासारख्यांच्या तोंडून ऐकून लिहिले. या वेळी ते आपल्याच मुलांच्या हातून लिहिले जावे, एवढीच आमची इच्छा आहे.

वहीचे पहिले पान आम्ही आजच लिहून आणले आहे. त्यावर आजोबांचे निवटीच्या दोन दारांचे वाक्य आहे. ते पान चिटणिसांच्या स्वाधीन करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.